आप्पा म्हटलं की दहाजण वळतात

कुपवाड एमआयडीसीत एक कोल्ड स्टोरेज आहे. मालक बाबांच्या जुन्या ओळखीतले, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. एके दिवशी त्यांनी बोलावून घेतलं. दहा खोल्या, आत बेदाण्याची खोकी छतापर्यंत रचलेली आणि प्रत्येक खोलीच्या दाराशेजारी तापमान दाखवणारा एक डबा. "पोरगं दर तासाला वहीत आकडं लिवतंय," अण्णा म्हणाले, "पण रात्री झोपतंय आणि सकाळी उठून रात्रीचं आकडं लिवतंय. रात्रभर सगळीकडं चार पॉइंट पाच! तेवढं कॉम्प्युटरवर दिसाय पायजे बघ."

मी डब्याच्या मागं डोकावलो. दोन स्क्रू, शेजारी बारीक अक्षरात आरएस-४८५, म्हणजे डबे तारांनी जोडायची पद्धत, आणि मॅन्युअलमध्ये मॉडबस, म्हणजे त्या तारांवरून बोलायची भाषा. मॉडबस १९७९ चं, आरएस-४८५ चं स्टँडर्ड १९८३ चं. म्हटलं, एवढ्या जुन्या गोष्टीत अवघड काय असणार?

"एका दिवसाचं काम आहे, अण्णा."

हे मी शुक्रवारी बोललो. वार नीट लक्षात आहे, कारण त्यानंतरचे दोन शुक्रवार अण्णांनी फोन करून त्याची आठवण दिली.

कल्पना तशी साधी आहे. दोन तारा निघतात, एका डब्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. कॉम्प्युटरनं एकेकाचा नंबर पुकारून विचारायचं, त्यानं उत्तर द्यायचं. विचारल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. हजेरी घेणारे मास्तर आणि हाताची घडी घातलेली पोरं. वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला साधारण हजारभर अक्षरं. आणि दोन निरोपांच्या मध्ये किमान साडेतीन अक्षरांइतकी शांतता पाळायची. साडेतीन मुहूर्त ठाऊक होते, साडेतीन शक्तिपीठं ठाऊक होती. साडेतीन अक्षरांची शांतता मॉडबसनं शिकवली. ९६०० वर ती जेमतेम चार मिलिसेकंदांची असते. आमच्या वाट्याला चार दिवसांची आली.

लॅपटॉपला या तारा जोडता याव्यात म्हणून कन्व्हर्टर लावला, तारा जोडल्या, प्रश्न पाठवला. टाइमआउट, म्हणजे वाट पाहून थकलो, उत्तर नाही. पुन्हा पाठवला. टाइमआउट. संध्याकाळपर्यंत तेच.

या मंडळींचा स्वभाव असा की तुम्ही चुकलात तर ती चूक दाखवत नाहीत, गप्प बसतात. वेग चुकला, गप्प. नंबर चुकला, गप्प. निरोपाच्या शेवटी पडताळणीचे दोन बाइट असतात, ते चुकले तरी गप्प. तार तुटली, गप्प. डब्याचं बटणच बंद असलं तर अर्थातच गप्प. रुसवेफुगवे आमच्या घरातही होतात. पण तिथं निदान भांडी कशी आदळली जातात त्यावरून गुन्हा कुठला ते साधारण कळतं. इथं सगळ्या गुन्ह्यांना एकच टाइमआउट.

शेवटी एक डबा काढून घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर मांडला. आईनं विचारलं, "हे किती दिवस?" म्हटलं, आजच्या आज. तिनं न बोलता ताटं ओट्यावर घेतली. ती तशीच पुढे आठवडाभर ओट्यावर राहिली.

पहिला घोळ तारांचा निघाला. कन्व्हर्टरवर ए आणि बी, डब्यावरही ए आणि बी. ए ला ए जोडायचं, बी ला बी, यात डोकं ते काय लावायचं? पण मूळ स्टँडर्डमध्ये ए ही उणे बाजू आहे आणि निम्मे कारखानदार तिला बिनदिक्कत अधिक म्हणतात. आपलं आयर्विन पुलासारखं. सांगलीत उभं राहून "पलीकडं" म्हटलं की सांगलवाडी, सांगलवाडीत उभं राहून म्हटलं की सांगली. दोघंही बरोबर, फक्त भेट होत नाही. तारा उलट जोडल्या तर काही जळत नाही, हा त्यातला चांगला भाग. आणि काही जळत नाही म्हणूनच चूक सापडत नाही, हा वाईट.

तारा अदलाबदल केल्या. तरी गप्प. बाबा भडंग खात शेजारी येऊन बसले.

"काय म्हणतोय तो?"

"काही नाही म्हणत."

"मग तू काय म्हणालास त्याला?"

मला वाटलं चेष्टा करतायत. पण प्रश्न मुद्द्याचा होता. अक्षर नीट पोचलं का ते तपासायला त्याच्यामागं एक जादा खूण लावतात, तिला पॅरिटी म्हणतात. मी प्रत्येक अक्षर पॅरिटीशिवाय पाठवत होतो आणि डब्यात सम पॅरिटी लावलेली होती. म्हणजे मी जे बोलत होतो त्यातलं एक अक्षरही त्याच्या हिशेबात धड नव्हतं. सेटिंग बदललं, प्रश्न पाठवला आणि चौथ्या दिवशी रात्री साडेअकराला स्क्रीनवर पाच बाइट उमटले:

०१ ८३ ०२ सी० एफ१

मी ओरडलो. आई दचकून बाहेर आली. "आलं का टेंपरेचर?"

"नाही. एरर आली!"

त्या पाच बाइटांचा अर्थ असा: मी एक नंबरचा डबा बोलतोय, तुम्ही मागितलेलं रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचा कप्पा, माझ्याकडं नाही. साध्या भाषेत, भलत्या दारात आलात. पण बोलला तरी! चार दिवस ज्याच्या दारात उभं राहावं त्यानं निदान "कोण पायजे?" म्हणून खेकसावं, एवढीच माझी अपेक्षा उरली होती. आईनं माझ्याकडं, मग डब्याकडं, मग बाबांकडं पाहिलं आणि दिवा मालवायला सांगून आत गेली.

चूक पुन्हा माझीच. मॅन्युअलमध्ये छापलंय ४०००१, मी भाबडेपणानं तारेवर ४०००१ पाठवलं. ते झालं कागदावरचं नाव. त्यातला ४ म्हणजे रजिस्टरची जात, आणि राहिलेल्यातून एक वजा करायचा. म्हणजे तारेवर पाठवायचा शून्य. सुधारून पाठवलं: ०१ ०३ ०० ०० ०० ०१ ८४ ०ए. उत्तरात ०१०एफ आलं. हे सोळाच्या पटीतलं लिखाण, आपल्या दहाच्या हिशेबात २७१, म्हणजे २७.१ अंश. टेबलावरच्या डब्यावरही २७.१. दशांशचिन्ह तारेवरून येत नाही, ते आपलं आपण समजून घ्यायचं असतं. सासरच्या निरोपासारखं.

विजयी मुद्रेनं डबा घेऊन कुपवाडला गेलो. तिथल्या वायरमननं दरम्यान सगळ्या डब्यांच्या तारा ट्यूबलाइटसारख्या एका ठिकाणी आणून गाठ मारली होती. त्या पुन्हा ओळीत करून घेतल्या, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावले. "एवढ्याशा दाण्यानं काय हुतंय सायेब?" त्यानं विचारलं. मीही त्याच शंकेत होतो, पण चेहरा ठाम ठेवला.

एक नंबरला हाक मारली. यावेळी शांतता नव्हती. नुसता कचरा. अर्धवट बाइट, दरवेळी वेगळे. तासाभरानं उजेड पडला. कारखान्यातून येताना प्रत्येक डब्याचा नंबर एकच असतो. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभं राहून "ओ आप्पा!" अशी हाक मारून बघा. दहाजण वळतात आणि दहाही जण एकदम "काय वं?" म्हणतात. माझे दहा आप्पा एका जोडतारेवर एकाच वेळी आपापलं तापमान सांगत होते.

मग एकेक डब्यासमोर उभं राहून बारशी केली. एक ते दहा. दोन बटणं एकदम दाबायची, पाच सेकंद धरायची, मेनूत शिरायचं. सातव्याचं बटण अडकत होतं, त्याचा नंबर चुकून सत्तावीस झाला. तो तसाच राहू दिला. मॉडबसमध्ये २४७ पर्यंत जागा आहे. सत्तावीस का, हे अण्णांनी अजून विचारलेलं नाही.

स्क्रीनवर दहा आकडे आले. अण्णांनी वही मिटली, पोराला दुसऱ्या कामाला लावलं, मला पेढा दिला. तापमान आठच्या वर गेलं की अण्णांच्या मोबाइलवर घंटी वाजेल, अशीही सोय करून दिली. ती फुकट केली, भरपाई म्हणून.

त्याच रात्री पावणेतीनला फोन.

"लेका, चार नंबरला सहा हजार पाचशे त्रेपन्न दाखवतंय."

"किती?"

"सहा हजार पाचशे त्रेपन्न पॉइंट पाच."

मी अंथरुणातच हिशेब केला. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांच्या आसपास. म्हणजे कुपवाडचे बेदाणे सूर्यापेक्षा हजार अंशांनी पुढे गेले होते. मग ट्यूब पेटली. ६५५३५! सोळा बिटांत उणे एक असाच लिहितात आणि मी तो अधिक समजून वाचत होतो. चार नंबरचा सेन्सर खोली गार करणाऱ्या कॉइलला चिकटून बसवलाय, तिथं तापमान उणे ०.१ झालं असणार. हे अण्णांना पहाटे पावणेतीनला कसं सांगायचं?

"अण्णा, ते शून्याच्या खाली गेलंय, म्हणून एवढं वर दाखवतंय."

पलीकडं बराच वेळ काही आवाज आला नाही. साडेतीन अक्षरांपेक्षा नक्कीच जास्त. मग अण्णांनी मला लाइनवर ठेवून दुसऱ्या फोनवरून वॉचमनला चार नंबरमध्ये जायला सांगितलं.

थोड्या वेळानं लांबून त्याचा आवाज ऐकू आला. "आत हाय मालक. लई गारठा हाय. खोकी बरी हाईत. मी भाईर येऊ का आता?"