कायदा झाला, पण घराचं काय?

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने अमेरिकेतला कागदोपत्री वर्णभेद संपला, असं म्हटलं जातं. घरांच्या बाबतीत तसं झालं नाही. त्यासाठी वेगळा कायदा लागला, तो एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात.

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. १९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले: हिरवा, निळा, पिवळा, लाल; हिरवा म्हणजे कर्जाला सर्वांत सुरक्षित, लाल म्हणजे सर्वांत धोक्याचा. कृष्णवर्णीयांची वस्ती बहुतेक लालच. फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही गृहकर्जांना हमी देणारी सरकारी संस्था अशा भागांत कर्जाला हमी देत नसे, आणि हमी नाही म्हटल्यावर बँका हात वर करत.

मग घर घ्यायचं कसं? शिकागोत ‘कॉन्ट्रॅक्ट’वर. दलाल गोऱ्या मालकाला ‘कृष्णवर्णीय शेजारी येणार’ म्हणून घाबरवून घर स्वस्तात उचलायचा आणि कृष्णवर्णीय कुटुंबाला अव्वाच्या सव्वा भावाने, अनामत घेऊन हप्त्यांवर द्यायचा. दुरुस्ती घेणाऱ्याच्या डोक्यावर, मालकी मात्र शेवटचा हप्ता फिटेपर्यंत विकणाऱ्याची. एखादा हप्ता चुकला की घर गेलं, भरलेले पैसेही गेले. तेच घर पुढच्या गिऱ्हाइकाला! साध्या गृहकर्जात फेडलेल्या मुद्दलाइतका तरी हक्क जमतो, इथे शून्य.

‘गोऱ्यांखेरीज कुणाला विकू नये’ ही खरेदीखतातली अट अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या १९४८ च्या शेली विरुद्ध क्रेमर निकालानंतर कोर्टातून बजावता येईना, एवढंच. जुन्या कागदांत ती ओळ अजूनही सापडते.