झायॉनची जागा मोकळी? अर्धंच खरं!

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या झायॉन गावचा, मिशिगन सरोवराकाठचा अणुप्रकल्प पाडून जागा मोकळी झाली, असं त्यावरच्या एका लेखात म्हटलंय. दोन्ही अणुभट्ट्यांच्या इमारती जमीनदोस्त झाल्या, मलबा रेल्वेने पार युटा राज्यातल्या क्लाइव्हच्या अणुकचरा डेपोत गेला, इथवर ठीक. पण वापरलेलं किरणोत्सारी इंधन? ते तिथेच आहे की! आत पोलादी डबा, बाहेर काँक्रीटचं जाडजूड कवच, अशी 61 पिंपं उघड्यावर, कुंपणाच्या आत चोवीस तास पहाऱ्यात उभी आहेत.

1982 च्या कायद्याप्रमाणे अमेरिकेचं केंद्र सरकार 1998 पासून असं इंधन उचलायला लागणार होतं. गंमत बघा, झायॉन कायमचं बंद करायचा निर्णयही 1998 चाच. हे इंधन कायमचं पुरायला ठरवलेल्या नेवाडा राज्यातल्या युक्का पर्वताचं घोंगडं मात्र अजून भिजतंच पडलंय. इंधन न उचलल्याबद्दल कोर्टाने दणका दिल्यावर सरकार वीज कंपन्यांना भरपाई देतं, झायॉन गावाच्या वाट्याला वाटाण्याच्या अक्षता. प्रकल्पाकडून येणारा घसघशीत मालमत्ता कर गेला आणि तो बोजा बाकीच्या घरमालकांवर पडला. वर सरोवराकाठची इतकी मोक्याची जागा अडकून पडली. त्या पिंपांशेजारी हॉटेल काढायला कोण पुढे येणार? लेखकाने गावकऱ्यांची ही बाजूही मांडायला हवी होती.