कर्ज तुमचं की आमचं?

आज सकाळी पर्वतीवरून उतरलो, अमृततुल्यात टेकलो, तर पुन्हा तोच तमाशा. साठी ओलांडलेले दोन शेजारी एकमेकांवर ओरडत होते. एक म्हणे, "२०१४ ला केंद्रावर ६० लाख कोटींच्या आत कर्ज होतं, आता १८० लाख कोटींच्या वर गेलं. कुणी केलं?" दुसरा टेबलावर हात आपटून, "आणि ते ऑइल बाँड कुणाचे? तेल कंपन्यांना रोख पैशांऐवजी दिलेले उधारीचे रोखे! तुम्ही काढले, आम्ही फेडले!"

रोज हेच. संताप याचा येतो की दोघांचे आकडे खरे, आणि दोघंही अर्धंच सांगतात. पहिला हे बोलतच नाही की जीडीपीही, म्हणजे देशाचं वर्षाचं एकूण उत्पादनही, वाढलाय, त्या हिशेबात तेव्हा ५० टक्क्यांच्या थोडं पुढे असलेलं कर्ज आजही ६० च्या आत आहे. दुसरा हे सांगत नाही की सगळे ऑइल बाँड मिळून दीड लाख कोटींचेही नव्हते. २०२५-२६ च्या बजेटमध्ये केंद्रानं नुसत्या व्याजासाठी १२.७६ लाख कोटी धरलेत. एका वर्षाचं व्याज! खर्चाच्या रुपयातले २० पैसे तिथेच संपले.

वाजपेयी सरकारच्या काळात, २००३ साली, कायदा झाला की केंद्राची वर्षाची तूट, म्हणजे उधारीवर भागवलेला खर्च, जीडीपीच्या ३ टक्क्यांवर आणायची. २००८ ची मंदी आली आणि मनमोहन सिंग सरकारनं तो बासनात ठेवला. २०१८ ला मोदी सरकारनं त्यात दुरुस्ती करून नवं लक्ष्य घातलं, की २०२४-२५ संपेपर्यंत केंद्राचं कर्ज जीडीपीच्या ४० टक्क्यांवर आणायचं. मार्च २०२५ येऊन गेला. कोविड आला, त्या वर्षी तूट ९.२ टक्के झाली, मान्य आहे मला. त्या वेळी खर्च करायलाच हवा होता. पण स्वतःच्या हातानं लिहिलेली मुदत चुकल्यावर लोकांसमोर उभं राहून सांगायला नको का, की ४० टक्के जमलं नाही, म्हणून आता २०३१ पर्यंत ५० च्या आसपास? एवढीही जबाबदारी नाही?

राज्यात तर विचारायलाच नको. २०२४ च्या विधानसभेला एका बाजूनं लाडक्या बहिणींचे महिन्याचे १,५०० चे २,१०० करू म्हटलं, दुसऱ्या बाजूनं थेट ३,०००. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना ते दीड हजार मिळतात, त्यातून त्या नातीच्या क्लासची फी भरतात. त्यांच्याविषयी कुणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेणार नाही. माझं भांडण बोली लावणाऱ्यांशी आहे. पैसे कुठून आणणार, हे दोघांपैकी एकानंही धड मांडलं नाही. मार्च २०२५ च्या बजेटात महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर आणि कर्ज ९ लाख कोटींच्या पुढे. महसुली तूट म्हणजे रोजचा खर्च भागवायला उधारी! मेट्रोसाठी कर्ज काढलं ते समजतं, वनाजहून रामवाडीला मी त्याच मेट्रोनं जातो. पुढची वीस-तीस वर्षं लोक जातील. पण पगार, पेन्शन, व्याज, योजना यांना पैसे पुरत नाहीत म्हणून घेतलेल्या कर्जातून माझ्या नातवाच्या हाती काय उरणार?

माझा भाचा छोटा कंत्राटदार. मुळशीकडे एका शाळेची भिंत बांधून वर्ष झालं. सरकारी बिल अडकलंय. खेटे घालतो, उत्तर एकच, "निधी आला नाही." सिमेंटवाल्याचे पैसे भागवायला त्यानं बँकेतून कर्ज काढलं, आणि त्याचा हप्ता तो दर महिन्याच्या ५ तारखेला न चुकता भरतो. त्या दोघांना मी आज हेच सांगितलं. एक म्हणाला, "हे त्यांच्यामुळे." दुसरा म्हणाला, "छे, हे त्यांच्यामुळे." मी चहा तसाच ठेवून उठलो.