रोडकिंग विकली, पण सांगायचे राहून गेले

जुलै २०२५ मध्ये माझी येझदी रोडकिंग मोटारसायकल विकून चार वर्षे पूर्ण झाली. १९९० सालची, गडद मरून रंगाची, एमएच १५ पासिंगची ही गाडी मी १९९८ मध्ये नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली आणि पुढे तेवीस वर्षे वापरली. विकल्यावर पहिल्याच आठवड्यात जी हुरहुर लागली, ती महिन्या-दोन महिन्यांत ओसरेल असे सगळ्यांनी सांगितले होते. ती ओसरली नाही. "शेवटी वस्तूच ना ती, माणूस तर गेले नाही," हे वाक्य या चार वर्षांत मी इतक्या वेळा ऐकले आहे, की एकदा त्याला नीट उत्तर द्यावे असे वाटते. शिवाय त्याच महिन्याच्या सुरुवातीला दिल्लीत जुन्या गाड्यांना पेट्रोल न देण्याच्या बातम्या आल्या आणि आपल्याकडेही दोन-तीन परिचितांनी घाईघाईने गाड्या विकायला काढल्या. त्यांच्यासाठीही हे लिहीत आहे.

ज्यांनी येझदी चालवलेली नाही, त्यांना आधी तिच्याविषयी थोडे सांगायला हवे. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून आधी जावा आणि नंतर येझदी या नावाने या गाड्या बनवल्या आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद झाला. अडीचशे सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एक आणि सायलेन्सर मात्र दोन. किक आणि गिअर यांना एकच दांडी, तीही डाव्या बाजूला. ती पायाने आत दाबून वर फिरवली की किक होते आणि गाडी सुरू झाल्यावर परत पुढे आणली की तीच गिअरची दांडी होते. पहिल्यांदा बसणारा माणूस उजव्या पायाने किक शोधत राहतो. इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमधूनच, त्यामुळे प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना टूटी (2T, म्हणजे टू-स्ट्रोकचे) ऑइल मोजून मिसळावे लागते. एकेकाळी पंपावर टूटीचे वेगळे यंत्र असे, पुढे ती यंत्रे दिसेनाशी झाली आणि ऑइलची बाटली डिकीत ठेवणे भाग पडले. आधी ऑइल ओतायचे आणि मग त्यावर पेट्रोलची धार सोडायची, म्हणजे ते टाकीतच घुसळले जाते. हे मला भद्रकालीतल्या आमच्या मेकॅनिक उस्तादांनी शिकवले.

उस्तादांनी शिकवलेली दुसरी गोष्ट म्हणजे प्लग वाचणे. इंजिनाचे काही बिनसले की ते आधी प्लग काढत, फडक्यावर ठेवत आणि त्याचे टोक माझ्या डोळ्यांसमोर धरत. टोक काळे आणि ओलसर असेल तर ऑइल जास्त पडते आहे किंवा कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल देतो आहे, पांढुरके असेल तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापते आहे, आणि दुधाच्या चहासारखा तपकिरी रंग असेल तर सगळे ठीक आहे. पहिली दोन वर्षे मला त्यातले काही दिसत नसे. नंतर दिसू लागले. एका श्रावणात कसारा घाटात, धो धो पावसात, रात्री नऊच्या सुमारास गाडी बंद पडली, तेव्हा टॉर्च दातांत धरून मी प्लग काढला, तो काळाभोर आणि ओला निघाला, खिशातला कोरडा प्लग बसवला आणि दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. घरी पोहोचेपर्यंत मी चिंब भिजलो होतो आणि मला विलक्षण आनंद झाला होता. आज माझ्याकडे जी गाडी आहे ती कुठेही बंद पडत नाही, पडलीच तर मी सर्व्हिस सेंटरला फोन करीन आणि बाजूला उभा राहीन.

"वस्तूच ना ती" याला माझे उत्तर इथे आहे. तेवीस वर्षांत त्या गाडीमुळे माझ्या हातांना, कानांना आणि पायांना काही गोष्टी कळू लागल्या होत्या. त्र्यंबक रोडला चढावर इंजिनाचा आवाज किती बसला की तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचे, थंडीत चोक किती वेळ ओढून ठेवायचा, उन्हात गंगापूर धरणावर तासभर उभी राहिल्यावर चोक अजिबात का ओढायचा नाही, हे सगळे मला विचार न करता कळत होते. हे ज्ञान त्या एका गाडीखेरीज कुठेही उपयोगाचे नाही. गाडी गेली आणि ते सगळे माझ्याकडेच राहिले. कारागीराचे हत्यार गेले तर त्याचा हात बसून राहतो, तसे ते आहे. पंचावन्न हजार रुपये मिळाले होते, किंमत योग्य होती आणि पैसे चांगल्या कामी आले. माझी तक्रार पैशांबद्दल कधीच नव्हती.

मग विकली का, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०२१ च्या उन्हाळ्यात गाडी वर्षभर इंदिरानगरच्या आमच्या इमारतीखाली झाकून उभी होती. पेट्रोलने शंभरी ओलांडली होती. नोंदणीची मुदत आदल्या नोव्हेंबरात संपली होती आणि कोविडमुळे केंद्राने कागदपत्रांना वेळोवेळी दिलेल्या मुदतवाढीवर काम भागत होते. नजर अधू झाल्यामुळे उस्तादांनी दुकान बंद केले होते. मुलीचे कॉलेज ऑनलाइन सुरू होते आणि तिला लॅपटॉप हवा होता. त्यातच मार्चमध्ये संसदेत जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले आणि व्हॉट्सॲपवर "पंधरा वर्षांवरील सगळ्या गाड्या भंगारात जाणार" असे निरोप फिरू लागले. घरात, शेजारी, कामाच्या ठिकाणी प्रत्येक जण म्हणू लागला, की आज चार पैसे मिळत आहेत तोवर विकून टाका.

वास्तविक ते धोरण ऐच्छिक होते. खासगी गाडी केवळ वय झाले म्हणून भंगारात जात नाही, तिची स्थिती तपासली जाते. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मनाई होती ती दिल्ली आणि राजधानी परिसरात, तीही राष्ट्रीय हरित लवादाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, पर्यावरण कर आणि शुल्क भरायचे आणि पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यायची, अशी व्यवस्था आहे. पेठ रोडच्या कार्यालयात जाऊन मी स्वतः २००५, २०१० आणि २०१५ अशी तीनदा नोंदणी वाढवून घेतली होती. म्हणजे मला माहिती नव्हती असे नाही. माहिती असूनही मी घाबरलो, कारण तो काळच घाबरण्याचा होता आणि त्या काळात आपण हातातले सगळे आवरून ठेवू पाहत होतो. आज कुणी गाडी विकण्याविषयी विचारले, तर मी एवढेच सांगतो की ज्या महिन्यात मन घाबरलेले आहे त्या महिन्यात विकू नका. सहा महिने थांबा, गावी वाडा असेल तर तिथे झाकून ठेवा, भावाच्या किंवा मित्राच्या अंगणात ठेवा, आणि मगही विकाविशी वाटली तर निश्चिंत मनाने विका.

टू-स्ट्रोक गाड्या बंद झाल्या त्याचे कारणही मला मान्य आहे. त्या इंजिनात धूर बाहेर जाण्याची वाट उघडी असतानाच ताजे पेट्रोल-ऑइल आत येते, त्यामुळे त्यातले काही न जळताच बाहेर पडते, आणि निळा धूर दिसतो तो त्या ऑइलचा. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तेव्हा या गाड्यांना जावेच लागले. द्वारका चौकात रोज हजारो टू-स्ट्रोक धावाव्यात असे मी म्हणणार नाही. परंतु रविवारी पहाटे सोमेश्वरपर्यंत जाऊन येणारी एखादी नीट ठेवलेली जुनी गाडी आणि रोजची वाहतूक यांना एकच माप लावणे मला पटत नाही.

आता जे सांगायला मला सर्वांत जड जाते, ते सांगतो. गाडी घ्यायला सिन्नरकडचा एक तरुण मित्राला घेऊन आला होता. मुलगा चांगला होता, गाडीभोवती दोनदा फिरला, टाकीवरून हात फिरवला. मी पहिल्या किकला गाडी सुरू करून दाखवली आणि बंद केली. मग तो बसला. दांडी कशी फिरवायची हे त्याला जमत नव्हते, ती दोनदा त्याच्या घोट्यावर आपटली. सात-आठ किक मारूनही गाडी सुरू झाली नाही. त्याला घाम आला होता आणि तो माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "होईल सवय." त्या क्षणी मला आतून बरे वाटले होते, गाडी परक्याला दाद देत नाही याचे बरे वाटले होते. अखेरीस मीच ती सुरू करून दिली, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, किल्ली दिली आणि तो मुंबई नाक्याच्या दिशेने निघून गेला. त्याला पाच मिनिटे देऊन दांडी शिकवता आली असती. ऑइलचे प्रमाण सांगता आले असते. गाडीच्या खोडी मी एका कागदावर लिहून द्यायला हव्या होत्या. यातले मी काहीही केले नाही.

पुढचे काही महिने मी मोबाइलवर एमपरिवहन ॲप उघडून गाडीचा नंबर टाकत असे. सुरुवातीचे कारण व्यवहाराचे होते. गाडी विकली तरी नोंदणीवर आपले नाव असेल तोवर अपघाताची जबाबदारी आपल्यावर येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे सह्या केलेले फॉर्म देऊन मोकळे होऊ नये, नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करावा, हे विकणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. २०२१ च्या नोव्हेंबरात नाव बदलले. ॲपवर मालकाच्या नावातली मोजकीच अक्षरे दिसतात, पण ती माझी नव्हती, एवढे कळले. तिथेच माझे काम संपायला हवे होते. मी मात्र पाहत राहिलो, कारण इतक्या जुन्या गाडीची पीयूसी सहा महिनेच चालते. ती तारीख पुढे सरकली की माझ्या मनात येई, गाडी चालू आहे, कुणीतरी तिला केंद्रावर घेऊन गेले, किक मारली, ती सुरू झाली. दर सहा महिन्यांनी मला गाडीची खुशाली कळत होती.

मधल्या काळात, २०२२ च्या जानेवारीत, नव्या कंपनीने येझदी हे नाव पुन्हा बाजारात आणले. माझ्या विक्रीला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. मित्रांच्या आग्रहाखातर मी जाऊन पाहिली. फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारे इंजिन, बटनावर सुरू होणारी, देखणी गाडी आहे आणि ज्यांनी घेतली ते समाधानी आहेत. मी तिच्यावर बसलो आणि माझा डावा पाय सवयीने दांडी फिरवायला गेला. तिथे काही नव्हते. मी उतरलो.

२०२३ च्या अखेरीस ॲपवरची अक्षरे पुन्हा बदलली. मार्च २०२४ मध्ये संपलेली पीयूसी त्यानंतर कुणी केलेली नाही. मी त्या सिन्नरच्या मुलाला फोन केला. त्याने नम्रपणे सांगितले की गाडी वारंवार बंद पडायची, सुट्या भागांसाठी फार हिंडावे लागले, शेवटी एका एजंटमार्फत येवल्याकडे कुणाला तरी दिली आणि त्याच्याकडे आता नंबर नाही. "काका, तुमच्याकडे एका किकला सुरू व्हायची, माझ्याकडे कधी झालीच नाही," असेही तो म्हणाला. त्या रात्री मला झोप आली नाही.

येवला, मनमाड, कोपरगाव या भागातले कुणी हे वाचत असतील आणि मरून रंगाची, टाकीच्या उजव्या बाजूला गुडघ्यापाशी अंगठ्याएवढा पोचा असलेली रोडकिंग कुणाकडे उभी असलेली त्यांना दिसली, तर मालकांपर्यंत एवढे पोहोचवावे. मला गाडी परत मागायची नाही.

गाडी बराच काळ उभी असेल तर थेट किक मारू नका. टाकीतले जुने पेट्रोल पूर्ण काढा आणि कार्ब्युरेटर खोलून जेट स्वच्छ करा. प्लग काढून त्या भोकातून टूटी ऑइलचे पाच-सहा थेंब सोडा आणि प्लग न लावता किक हळूहळू दहा-बारा वेळा फिरवा, म्हणजे पिस्टन कोरडा घासणार नाही. गिअरबॉक्सचे ऑइल बदला. एका लिटर पेट्रोलला चाळीस मिली टूटी, आमचे उस्ताद तेवढेच घालत. घर अर्धा किलोमीटर राहिले की पेट्रोलचा कॉक बंद करा, नाहीतर या गाडीचा कार्ब्युरेटर रात्रभर झिरपतो आणि सकाळी प्लग ओला मिळतो. ती सुरू होत नव्हती त्याचे कारण बहुधा हेच आहे. चढावर दुसरा गिअर कधीकधी निसटतो, तेव्हा दांडीवर पाय किंचित दाबून ठेवा. किक मारताना दांडी आधी पूर्ण आत दाबा, वर आणा, इंजिनाचा जोर लागेपर्यंत हळू खाली न्या आणि मग एकदाच सगळा भार द्या. घाई केली तर ती घोट्यावर येते. डाव्या साइड कव्हरच्या आत, रबरी पट्टीखाली, मी एक नवा प्लग कागदात गुंडाळून ठेवला होता. तो कुणी काढला नसेल तर अजून तिथेच असेल.