जोतिबाचा गुलाल आणि पंधरा हजार सहाशे

दोन वर्षं कोरोनानं जोतिबाची चैत्र यात्रा बंद होती. 2022 ला भरली, आणि नेमका त्याच दिवशी आमच्या शिरोलीच्या फाउंड्रीत स्टॉक मोजायचा मुहूर्त निघाला. साहेब म्हणाले, "रजा नाही." मी म्हणालो, "मग नोकरी नाही." सासनकाठीखाली नाचताना नाकातोंडात गुलाल गेलेला. नोकरीला चार वर्षं दहा महिने झालेत, हा हिशेब तिथं कुणाला सुचणार?

पुढं दोन महिन्यांनी पीएफसाठी फॉर्म 19 भरला, पेन्शनच्या वाट्यासाठी 10 सी. दहा वर्षं नोकरी नाही म्हटल्यावर पेन्शन काही लागू होत नाही. एकतर पैसे उचला, नाहीतर सर्टिफिकेट घेऊन जपून ठेवा. बायको म्हणाली, "उचला. तुमच्यानं लाईटबिल जपवत नाही."

पीएफचे 1,56,000 यायचे होते, आले 1,40,400. मी दोनदा मोजले. मग मोबाईल बंद करून चालू केला आणि पुन्हा मोजले.

मिरजकर तिकटीजवळ आमचे एक कर सल्लागार काका बसतात. त्यांनी आधी चहा सांगितला, तेव्हाच ओळखलं, बातमी वाईट आहे. "पाच वर्षांच्या आत काढलास, रक्कम पन्नास हजारांच्या वर. दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे हातात द्यायच्या आधीच कापलेला टॅक्स. पॅन जोडलेला नसता तर तीस टक्क्यांच्याही वर गेले असते, म्हणजे नशीबवान आहेस."

"दोन महिन्यांसाठी, काका?"

"आजारपणानं किंवा कंपनी बंद पडून नोकरी गेली असती, तर सूट होती. कारण आपल्या हाताबाहेरचं पाहिजे. तुझं काय कारण?"

मी गुलाल म्हणालो. काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"बरं, 15 जी जोडलास? एवढ्या कमाईवर तुला टॅक्स लागतच नव्हता. तेवढं लिहून दिलं असतंस तर कापलेच नसते."

फॉर्म भरताना तो रकाना दिसला होता. मला वाटलं, साठीच्या पुढच्यांचा असेल. (त्यांचा 15 एच. एवढं बारीक कोण बघतंय?)

"आता टीडीएस म्हणजे काही शेवटचा टॅक्स नव्हे," काका म्हणाले. "उसाची पहिली उचल असते बघ, तसलंच."

पण काका, उसाची उचल आपल्याला मिळते. इथं कारखाना आपल्याकडूनच उचल घेतोय!

पुढच्या जूनमध्ये रिटर्न भरलं, ऑगस्टात पैसे आले. पंधरा हजार सहाशे, वर व्याजाचे तीनशे नव्वद. एवढं इमानदार सरकार! मी त्याच पावली काकांना मिसळ खायला घेऊन गेलो. दुसरा कट ओतून घेता घेता काका म्हणाले,

"ते तीनशे नव्वद पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवायचे बरं का."