केवळ अळीवर का भागत नाही: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार. ट्रेंट नदीतील मासेमारीवरच्या माझ्या लेखावर आपण असा आक्षेप घेतला आहे की, पांढऱ्या अळीला इंग्लंडच्या नद्यांतले बहुतेक सगळे मासे तोंड लावत असताना पाव, मका आणि भांगेचे बी यांचा पसारा मांडून मी नवशिक्यांना विनाकारण गोंधळात टाकले. अळी बहुतेकांना आवडते, हे मला मान्यच आहे. माझी अडचण नेमकी तीच आहे.

१६ जूनला नद्यांवरचा हंगाम सुरू होतो तेव्हा पाणी उबदार असते आणि मिनो, ब्लीक यांसारखे चिल्लर मासे झुंडीने फिरत असतात. गळाला लावलेल्या दोन अळ्या तळाशी पोहोचेपर्यंत त्यांनी चोखून रिकाम्या केलेल्या असतात, आणि तळाशी चरणाऱ्या बार्बेलच्या वाट्याला उघडा गळ येतो. अळ्या वाढवल्याने या चिल्लरांची पंगत तेवढी वाढते. डबाबंद मांसाचा चौकोनी तुकडा मात्र त्यांच्या तोंडात मावत नाही, म्हणून उन्हाळ्यात मी तो सुचवला.

भांगेच्या बियांना आपण ‘नसता खटाटोप’ म्हटले आहे. हे बी रात्रभर भिजवून, दाणा फुटून आतला पांढरा कोंब दिसेपर्यंत शिजवले की ते तळाशी बसते, आणि दाणे इतके बारीक असतात की मासा पोट न भरता ते टिपत बराच वेळ एकाच जागी रेंगाळतो. गळावरचे आमिष आणि माशाला जागेवर खिळवून ठेवणारा चारा ही दोन वेगळी कामे आहेत. आपल्या प्रतिक्रियेत ती एक झाली आहेत. (रोच मात्र हाच दाणा गळावरूनही घेतो.)

हिवाळ्यात, पाणी थंड आणि नितळ असताना, बारीक गळावरची एकच अळी पुष्कळदा सरस ठरते, हे आपले निरीक्षण योग्य आहे. तरीही चबसाठी मी पाव किंवा चीजचा गोळाच निवडेन, कारण कडाक्याच्या थंडीतही तो मासा मोठा घास घेतो. थंड पाण्यात चीज घट्ट होते, त्यामुळे गोळा घरी मळताना जरा जास्तच सैल ठेवावा. नाहीतर मासा घास घेतो, पण गळ त्या कडक गोळ्यातून बाहेर येऊन त्याच्या तोंडात रुतत नाही.