ससूनमध्ये दाखल

माझा जन्म ससूनचा. पुण्यात एवढं वाक्य पुरतं, "कुठलं ससून?" असं कोणी विचारत नाही. गांधीजींचं अपेंडिक्स १९२४ साली तिथेच काढलं, ही माहिती आमच्या घरी माझ्या जन्मकथेला जोडूनच सांगतात. जणू त्यांच्यानंतरचा मोठा पेशंट मीच.

म्हणून लेकीने "शांघायला या" म्हटल्यावर बायकोने खरेदीची यादी केली आणि माझ्या यादीत एकच ओळ होती: ससून हाऊस. ज्या डेव्हिड ससूनच्या देणगीतून आमचं हॉस्पिटल उभं राहिलं, जो कॅम्पातल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, आवारात चिरनिद्रा घेतो आहे, त्याच्या व्हिक्टर नावाच्या पणतूने १९२९ साली शांघायच्या नदीकाठी ही इमारत बांधली. डोक्यावर हिरव्या तांब्याची पिरॅमिडसारखी टोपी. आता तिथे पीस हॉटेल आहे. मुंबईच्या गिरण्यांतला पैसा काढून व्हिक्टरसाहेबांनी शांघायच्या जमिनीत घातला. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर एखादी खिडकी आपल्याकडच्या घामाची निघायला हरकत नाही.

"कुठे आहे ते?" बायकोने विचारलं.

"बंडवर."

"अहो, ह्या वयात कसलं बंड?"

तर हा 'बंड' म्हणजे आपलाच बांध. इंग्रजांनी शब्द हिंदुस्थानातून उचलला आणि हुआंगपू नदीच्या काठाला नेऊन चिकटवला. चिनी माणसं मात्र त्या जागेला वायथान म्हणतात. आपल्याकडे बांध म्हटलं की पुढचा शब्द 'कोरणे'. इंग्रजांनी तेच केलं. १८४२ च्या तहात शांघाय बंदर उघडून घेतलं, नदीकाठी जागा घेतली आणि पुढे दीड किलोमीटरभर बँका, क्लब, कचेऱ्या अशा ओळीने रचल्या, की चीनमध्ये उभं राहून लंडनचा भास व्हावा. हे सगळं घडायला निमित्त अफूचं. माळव्यातली अफू मुंबईहून बोटीत चढे आणि चीनला उतरे. त्या धंद्यात ससूनही होते. आपल्या जन्मस्थानाच्या पायात थोडी अफू आहे हे कळल्यापासून मी माझ्या दुपारच्या झोपेबद्दल कोणाचं काही ऐकून घेत नाही.

दोन दिवस आधी लेकीने आम्हाला बंडवरच्या एका जुन्या बँकेत नेलं होतं. इमारत १९२३ ची. घुमटाखाली जगातल्या आठ शहरांची मोझेइक चित्रं आहेत: लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क वगैरे. त्यात कलकत्ता आहे, मुंबई नाही. पुणेकर म्हणून मला झालेला आनंद मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही. पण त्या दिवशी धो धो पाऊस लागला आणि ससून हाऊस राहून गेलं.

उरला एकच दिवस, १ ऑक्टोबर. चीनचा राष्ट्रीय दिन. आठवडाभर सुट्टी, आणि अख्खा देश फिरायला बाहेर.

"बाबा, आज नका जाऊ," लेक म्हणाली.

"अगं, मी लक्ष्मी रोडवर विसर्जनाच्या रात्री उभा राहिलेला माणूस आहे."

"मग जा. मी येत नाही." ती पुण्यातच वाढलेली आहे, तिला कळतं.

मेट्रोत बसलो. नांजिंग पूर्व रस्ता हे आमचं स्टेशन. गाडी स्टेशनात शिरली, उजेड दिसला, फलाट दिसला, आणि गाडी शांतपणे पुढे निघून गेली. आमच्या डब्यात आम्ही दोघेच दचकलो. गर्दीच्या संध्याकाळी ह्या स्टेशनावर गाड्या थांबतच नाहीत, हे बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या पीपल्स स्क्वेअरला उतरलो आणि जेवढं पुढे आलो होतो तेवढं पायी मागे निघालो. आमच्याबरोबर बहुधा चीनचा एखादा प्रांत चालत होता.

चौकाचौकात गणवेशातले जवान खांद्याला खांदा लावून उभे. सिग्नल लाल झाला की त्यांची भिंत व्हायची, हिरवा झाला की भिंतीला दार पडायचं. अलका चौकातले आपले कार्यकर्ते दोरी धरून हेच करतात, फक्त तिथे दोरीच्या दोन्ही बाजूंना कार्यकर्तेच असतात. इथे कोणी "अहो, आमचा माणूस पुढे गेलाय" म्हणून हुज्जतही घालत नव्हतं. एवढी मोठी गर्दी आणि एकही भांडण नाही. मला तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

सव्वा तासाने जिना आला. जिन्याने आम्ही चढलो असं म्हणता येणार नाही, आम्हाला चढवलं गेलं. वर रुंद फरसबंद काठ, पलीकडे पुडोंग. मोती ओवल्यासारखा टीव्हीचा मनोरा, ४६८ मीटर. त्यामागे पीळ दिलेला शांघाय टॉवर, ६३२ मीटर. अर्थात ही उंची मी वाचलेली. डोळ्यांना दिसत होते ते वर धरलेले हात आणि हातातले फोन. प्रत्येक फोनच्या पडद्यावर एकेक छोटा मनोरा. नदी कोणाच्याच फोनमध्ये नव्हती, त्यामुळे नदी काही पाहायला मिळाली नाही.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतिहास सगळा आमच्या पाठीमागे आहे. ज्या इमारतींसाठी ही जागा नावाजलेली, त्या पिवळ्या दिव्यांत न्हाऊन उभ्या, आणि हजारो माणसं त्यांच्याकडे पाठ करून १९९० नंतरच्या काचा बघतायत. मी वळलो. हिरवी टोपी! पण गर्दीत उलटं तोंड करून उभं राहणं हा काय प्रकार असतो, ते देवळात देवाकडे पाठ करून बघा म्हणजे कळेल. शेकडो सेल्फींमध्ये आता माझं कानटोपीतलं टाळकं कायमचं जमा आहे. हो, कानटोपी. नदीचा वारा होता.

"दिसलं ना? चला आता," बायको म्हणाली. "पाय गेले माझे."

"आत जायचंय."

खाली उतरून रस्ता ओलांडेपर्यंत आणखी तीन मानवी भिंती झाल्या. हॉटेलच्या अलीकडे एक पोरगेलासा स्वयंसेवक उभा होता. लेकीने फोनमध्ये भाषांतराचं यंत्र घालून दिलं होतं. त्याला मराठी येत नाही, म्हणून मी इंग्रजीत, सावकाश आणि भावनेने सांगितलं, की बाळा, ससून हॉस्पिटलमध्ये माझा जन्म झाला, हे घरही ससूनचंच, मला दोन मिनिटं आत जाऊ द्या.

एवढ्या कलकलाटात यंत्राने त्यातलं काय उचललं ते यंत्रालाच ठाऊक. 'हॉस्पिटल' नक्की उचललं. 'आत जाऊ द्या' हेही. पोराचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्याने एक हात माझ्या कोपराखाली घातला, दुसऱ्याने गर्दी बाजूला केली आणि सगळ्यात जवळच्या दाराशी मला नेऊन उभं केलं. दरवानाशी तो भरभर काहीतरी बोलला.

दरवान माझ्याकडे वाकून स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "साहेब, बरं वाटत नाहीये का?"

इथे खरं बोलता आलं असतं. मी कपाळाला हात लावला.

आत! डोक्यावर अष्टकोनी रंगीत काचांचं छत, पायाखाली संगमरवर, आणि मला बसायला मखमली खुर्ची. एका मुलीने ट्रेमधून पेला आणला. चीनमध्ये डोकेदुखीपासून प्रेमभंगापर्यंत सगळ्यावर जे औषध देतात तेच त्यात होतं: गरम पाणी. मी घोट घोट प्यालो आणि छताकडे बघत राहिलो. बायको शेजारी बसली, तिने चपलेतून पाय मोकळे केले.

"ससूनमध्ये आलात," ती हळूच म्हणाली, "ते पेशंट म्हणूनच."

तेवढ्यात लेकीचा फोन. "बाबा, किती वेळ झाला! कुठे आहात?"

"ससूनमध्ये."

पलीकडे एकदम शांतता.

"काही नाही गं," मी म्हणालो, "खुर्ची दिलीय. गरम पाणी चालू आहे."